नलूचा रंगाचा डबा

ईशा, निखिल, तुमची नलूआजी गेल्याची बातमी मला पेणहून नाही, ग्लासगोहून कळली. रोह्याहून पेण तासाभरावर; पण रविवारी ठरल्या वेळी ईशाने तिला फोन लावला, तो तिच्या सुनेने रडतच उचलला, आणि मग ईशाने मला कळवलं. खरं सांगते, दुःखाच्याही आधी मनात आलं... दर रविवारी? मला, सख्ख्या आजीला, तर महिन्यातून एकदा!

नलू माझी धाकटी जाऊ. शिकली सातवीपर्यंत. पेणच्या घरच्या कारखान्यात ती गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. मी रोह्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. मूर्ती परदेशी जाऊ लागल्या तसे मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, कुठकुठले फोन येऊ लागले. रंगाच्या रिकाम्या डब्याला फोन टेकवून, हातातला ब्रश खाली न ठेवता नलू ओरडायची, "शिप शेकिंग, गणपती नो शेकिंग! आय पॅक!" पलीकडचा माणूसही आपल्या देशाच्या इंग्रजीत हसून उत्तर द्यायचा. मी शरमेने दाराबाहेर बघत बसायचे.

"नलू, जरा नीट वाक्य कर गं."

"ताई, तुमचं इंग्रजी इस्त्रीचं, लग्नाला न्यायचं. माझं हाय कामावरचं. मळलं तर काय झालं?"

जगभर इंग्रजी टिकलंय ते माझ्यासारख्यांच्या शिस्तीमुळे, अशी माझी समजूत होती. ईशाचं ग्लासगोचं बोलणं मला अर्धंच कळायचं. निखिल सिंगापूरला तिथल्या लोकांसारखा वाक्यावाक्यामागे 'ला' लावू लागला. मी दोघांनाही थांबवून पुन्हा म्हणायला लावायचे. नलू मात्र "ओके ला, निखिल!" म्हणून त्यालाच हसवायची. तुम्ही तिच्याकडे वळलात आणि मी इथे जळत राहिले.

ईशा, आठ वर्षांची असताना तू मला इंग्रजीत पत्र लिहिलंस. मी ते लाल पेनाने तपासलं, खाली शेरा दिला आणि पोस्टाने परत पाठवलं. त्यानंतर तुझं एकही पत्र आलं नाही.

नलूचे दिवस झाल्यावर तू फोनवर सांगितलंस, ते पत्र तू तेव्हा रडत रडत तिला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं होतंस. ती म्हणाली होती, "आजी रेड पेन, लाँग टाइम सिट. लव्ह नाय, देन व्हाय सिट?"

माझ्या बाजूने ती बोलली, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. इतकं साधं मला स्वतःला कधी सांगता आलं नाही. याचाही हेवा वाटला... अजून वाटतो.

तो डबा मी तिच्या सुनेकडून मागून आणलाय. काठावर डोळ्यांचा काळा रंग वाळलाय. गेल्या रविवारी मी त्याला फोन टेकवला. ईशा, तू तुझ्या ग्लासगोच्या इंग्रजीत भरभर काहीतरी सांगत सुटलीस. एरवी मी तुला थांबवून नीट बोलायला लावलं असतं.

"समजलं नाय गो," मी नलूसारखंच म्हणाले, "परत सांग."

तू खदखदून हसलीस. ते हसू डब्याच्या दर रविवारच्या ओळखीचं होतं. माझ्या घरी ते पहिल्यांदाच आलं.