चपला काढायला मी सांगितलं

“आईला चप्पल काढायला सांग ना,” तो म्हणाला. “और ये नई साडी भी नहीं चलेगी.”

वांगणीच्या डोंगराकडचा आमचा पाडा. आमचंच अंगण. त्याच्या गळ्यात कॅमेरा, टी-शर्टवर बंडाची वळलेली मूठ. पंक, म्हणजे बंडाची, आरडाओरड्याची गाणी करणाऱ्या बँडचे अल्बम बाजारात आणणाऱ्या मुंबईतल्या एका कंपनीचा तो मालक. कंपनी छोटी, पण नाव मोठं. तिनं ज्या बँडला हात लावला तो देशभर गाजला. आता आमच्या बँडचा नंबर होता.

मी बँडची गायिका. गायिका कसली, ओरडणारी. दिवसा आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला. संध्याकाळी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, विकीच्या बापाच्या जीन्सच्या कारखान्यात. विकी आमचा गिटारवाला. शिलाई मशिनी बंद झाल्या की आम्ही सुरू. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे ‘नाही’. सुपरवायझरला नाही, साहेबाला नाही, बिल्डरला नाही.

त्या दिवशी अंगणात तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही.

उलट मीच आईजवळ गेले. गोड आवाजात म्हणाले, “आये, चपला काढ. फोटो बरा येतो.”

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. फोटो काढणार म्हणून ठेवणीतली साडी नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. चपला काढल्या. आत जाऊन विटकी साडी नेसून आली. लाकडाची मोळी मी शेजारणीकडून आणली. आमच्याकडं गॅस आहे. मोळी आईच्या डोक्यावर ठेवली तीही मीच.

“हसू नको म्हणावं,” तो म्हणाला.

मी तेही सांगितलं.

अल्बम ऑनलाइन आला. कव्हरवर आई. लोक लिहीत होते, किती खरं, किती अस्सल. मी मोबाइल घेऊन पाड्यावर गेले. आईनं तो लांब धरून बघितला.

“ही कोन?”

“तूच की.”

“मी अशी कदी असते?”

मी म्हटलं, त्यानं सांगितलं म्हणून.

“त्यानं सांगतलं असतं तर मी नसती काढली चप्पल. तू सांगतलंस.”

एवढंच बोलली. भांडी घासायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी तिथूनच त्याला फोन लावला.

“कव्हरवरून आईचा फोटो काढून टाका.”

“अरे यार, यही तो तुम्हारी स्टोरी है. पंक होके अपनी माँ से शरमाती हो?”

क्षणभर मलाच वाटलं, मी लाजते आहे. लाज होतीच. आईची नव्हती.

“फोटो काढून टाका, नाहीतर आमची गाणीच काढून टाका.”

“गाणी काढून टाकली तर बँड खतम.”

“टाका काढून.”

त्यानं गाणी काढून टाकली. विकीचा फोन आला. “मेरेको पूछ तो लेती, यार,” म्हणाला आणि ठेवला. बरोबर आहे त्याचं. आईलाही मी विचारलं नव्हतं. दोन्ही माझ्याच माथी.

आईची माफी मी मागितलेली नाही. मागितली की ती ‘जाऊ दे’ म्हणेल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. गाणी मी पुन्हा रेकॉर्ड करणार. विकी आला तर त्याच्यासोबत, नाही आला तर एकटी. पण बंडाचा शर्ट घालून कुणीही येऊ दे, त्याचा हुकूम आमच्या बोलीत करून आईला सांगायला मी मधे उभी राहणार नाही.