भावोजींचे चार साचे

आमच्या भावोजींइतका कॉम्प्युटरच्या भाषेवर जीव टाकणारा माणूस डोंबिवलीतच काय, कल्याणपासून ठाण्यापर्यंत सापडायचा नाही. ताईचे हे यजमान ठाण्यातल्या एका क्लासमध्ये शिकवायचे. 'ते जावा शिकवतात' असं सांगितल्यावर आमच्या मावशीने 'थोरल्या की धाकट्या?' असं विचारलं होतं. भावोजींच्या मते अख्खं जग जावातल्या चार तयार साच्यांत बसतं. घेऊन फक्त होय-नाही सांगतो तो प्रेडिकेट, घेऊन काहीच परत देत नाही तो कन्झ्युमर, न घेता देतो तो सप्लायर आणि एक घेऊन दुसरं देतो तो फंक्शन. "साचा आयता आहे. काय करायचं तेवढं एका ओळीत लिहायचं, की झालं लॅम्डा. त्याला नावसुद्धा ठेवायचं नाही!" नावं ठेवण्यात हयात घालवलेल्या आमच्या घराण्याला हे फार जड गेलं.

एकदा माजिवड्याला रिक्षावाल्याने 'स्टेशन?' ऐकून नुसती मान हलवली. भावोजी भर उन्हात खूश. "शुद्ध प्रेडिकेट!" मग खात्रीसाठी त्यांनी आणखी सहा जणांना विचारलं. सातवा तयार झाला, तर त्यालाही सोडलं. "उत्तर मिळालं, आता बसायचं कशाला?"

माझी नोकरी गेली तेव्हा त्यांनी रोज दुपारी चारला मला शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी ताई वाटाणे निवडत होती, ते पुढ्यात ओढून म्हणाले, "ही लिस्ट. 'किडका आहे का?' हा प्रेडिकेट. लाव फिल्टर!" मी घाबरून किडके ठेवले, चांगले कचऱ्यात टाकले.

"शाब्बास! 'होय' आलेलंच फिल्टर ठेवतो."

"अहो, पण माझे वाटाणे?" ताई ओरडली.

"कोड बरोबर आहे. भाजी चुकली."

तीन महिन्यांनी मुलाखतीत नेमकं फिल्टरचंच विचारलं. नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तर भावोजी खाली गेले होते. ताई हळूच म्हणाली, "क्लास दिवाळीतच, तू यायला लागायच्या आधीच बंद झाला रे. मुलं आता फोनवर शिकतात म्हणे. तू यायचास, म्हणून हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. कुणाला सांगू नको म्हणालेत."

इतक्यात भावोजी आले. पेढा खाल्ला, माझ्या पाठीवर थाप मारली. "चला, सुटलास!"

"सुटलो कसला? तिथलं अर्धं डोक्यावरून जाणार आहे. शनिवारी येऊ का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चारला ये," ते म्हणाले. "आणि वही आण. चिटोऱ्यांवर लिहिलेलं मला चालत नाही."