कापल्या पदराचं लुगडं

उत्रोलीत चंद्राबाईला चंद्राबाई कुणी म्हणत नसे. ती 'नवी'. गेनूची नवी. अंगण सारवता सारवता हाताच्या रेघा पुसत आल्या, कानामागचे केस पांढरे व्हायला लागले, तरी ती नवीच. गावानं पहिल्या दिवशी एकदा नाव चिकटवलं की ते सरणापर्यंत सुटत नाही. जुनी म्हणजे गेनूची पहिली बायको. ती तापानं गेली, तेव्हा तिच्या मागं राहिली एक लेक, बाळाबाई. सगळं कळायचं आणि काहीच समजायचं नाही, अशा अडनिड्या वयाची.

चंद्राबाई गुंजवण्याची. राजगडाच्या पायथ्याशी चढउतार करून वाढलेली, ओझ्याला भिणारी नव्हे. भोरात तेव्हा संस्थानचा अंमल होता. गेनूची नदीकाठची भातखाचरं पाहून बापानं बिजवराला मुलगी दिली. येताना आईनं एक लुगडं दिलं, हिरवंगार, तांबड्या पदराचं. पदरावर बारीक पांढऱ्या रेघा आणि मधोमध हाताच्या पंज्याएवढी रुंद पांढरी पट्टी. तेवढं एकच धडसं लुगडं घेऊन ती उंबरा ओलांडून आत आली.

पण तिच्या आधी तिची कीर्ती घरात पोचली होती. तिची म्हणजे सावत्र आईची. बाळाबाईची आजी सखूबाई गोष्टी सांगण्यात पटाईत. तिच्या प्रत्येक गोष्टीत एक सावत्र आई असायची, आणि ती एकदा तरी भातात राख कालवायचीच. सखूबाईच्या मनात काही वाकडं नव्हतं. गोष्ट रंगायला कुणीतरी वाईट लागतं, आणि सावत्र आईइतकं स्वस्त वाईट दुसरं कोण? पण पोरीनं त्या गोष्टी गाठीला बांधल्या. नवीनं वाढलेल्या ताटातला पहिला घास ती मांजराला घालायची आणि मांजर जिवंत आहे असं पाहून मग जेवायची. वर्षभरात बाळाबाई काटकुळी ती काटकुळीच राहिली, मांजर मात्र पाटलासारखं सुटलं.

चंद्राबाई हसून सोडून द्यायची. आत कुठंतरी चरचरायचं, पण ते कुणाला दाखवायचं? सख्ख्या आईनं धपाटा घातला तर त्याला वळण म्हणतात, सावत्र आईनं डोळे वटारले तरी तो छळ. म्हणून तिनं पहिल्याच वर्षी एक नेम धरला. पोरीला 'नाही' म्हणायचं नाही. पोरगी अंगात ताप असताना चिंचा खायला निघाली, तर ही चुलीपुढून उठून सासूकडं धावायची.

"आत्याबाई, तिला न्हाई म्हना. म्या म्हनलं तर गाव गोळा हुईल."

सखूबाई मग खेकसायची, आणि पोरगी गुमान बसायची. आपल्याच घरात चंद्राबाईला 'नाही' उसना मागावा लागे. पुढं तिच्या पोटी मूल झालं नाही. गाव म्हणालं, बाळीचं नशीब थोर!

एका वर्षी करपा पडून भात गेलं. जत्रा तोंडावर, आणि पोरीच्या अंगावर ठिगळाला जागा उरली नव्हती. चंद्राबाईनं ट्रंकेतलं लुगडं काढलं, विळीवर धरलं आणि पदर कापला. रुंद पांढरी पट्टी अर्धी इकडं, अर्धी तिकडं.

"अगं अगं, सवाशिनीनं पदर कापू न्हाई!" सखूबाई ओरडली.

"पोरीच्याच अंगावर जातोय न्हवं? मग कापला कसा म्हनायचा?"

तिनं त्याचं पोलकं शिवलं आणि सासूच्या हातात दिलं. "माझ्या हातचं ती घालायची न्हाई. तिच्या आयच्या लुगड्याचं हाय म्हनून सांगा."

आयुष्यभर गोष्टी रचणाऱ्या त्या म्हातारीला सुनेनं एक गोष्ट रचून दिली होती, आणि त्या गोष्टीत सावत्र आईला जागाच नव्हती. बाळाबाईनं ते पोलकं छातीशी धरून वास घेतला, म्हणाली, "आयचा वास येतोय." चंद्राबाई तेव्हा गोठ्यात जाऊन बैलाची पाठ चोळत बसली. तेव्हापासून उरलेल्या लुगड्याचं टोक ती कमरेला असं काही खोचायची की पदर तोकडा आहे हे गेनूलासुद्धा कळलं नाही. अर्थात गेनूला कळत नसे अशा गोष्टींची यादी तशी लांबच होती.

बाळाबाई मोठी झाली, वेल्ह्याच्या अंगाला दिली, आणि तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. चंद्राबाईनं डिंक निवडला, अळीव आणला, बाजलं नव्यानं विणून घेतलं, दुभती शेळी बांधली. आठवा लागला तशी बाळाबाई भैरोबाच्या जत्रेचं निमित्त करून आली आणि आल्या पावली आजीला म्हणाली, "जत्रा झाली का सकाळी चिमाजीमामा गाडी घिऊन येनार हाय. बाळंतपनाला म्या पानशेतला मामाकडं जानार."

चंद्राबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सावत्र आईच्या हातचं बाळंतपण नको, हे पोरीनं तोंडानं म्हटलं नाही, पण गावानं ऐकलं. वाईट तेवढ्याचंच नव्हतं. पानशेत काय जवळ? बैलगाडीनं दोन मुक्कामांची वाट, खाचखळग्यांची, चढउतारांची. आठव्या महिन्याची पोर त्या गाडीत हादरे खात जाणार! चंद्राबाई नेहमीसारखी सासूकडं गेली.

"आत्याबाई, तिला न्हाई म्हना. वाट लई वंगाळ हाय."

या खेपेला म्हातारीनं मान हलवली. "आता नगं गं बाई. हितं काय इपरीत झालं, तर सावतर आयनं केलं म्हनत्याल. तुजंच नाव जाईल. जाऊ दे तिला."

उसना मिळायचा तो नकारही आटला. चंद्राबाईनं दिवसभर डिंकाची पुरचुंडी सोडली आणि बांधली, बांधली आणि सोडली.

त्यातच कोंडिबा आला. जत्रेला गावात सोंगं निघायची, चांगली दिवसाउजेडी, उन्हं कलली की देवळापुढं. सगळ्यांत लाडकं सोंग सावत्र आईचं, आणि ते कोंडिबाचं. तो पोराला चिमटे काढायचा, भातात राख कालवायचा आणि नवरा आला की धाय मोकलून खोटं रडायचा. लोक हसून लोळायचे. मिशीचा मात्र त्याला फार अभिमान, ती काही उतरवायचा नाही, पदर तोंडावर ओढून लपवायचा. सोंगाला लुगडं घरोघरच्या पाळीनं मिळायचं. पाळीला नाही म्हणणं म्हणजे भैरोबाला नाही म्हणणं. आणि यंदा पाळी गेनूच्या घराची! गावच्या एकुलत्या एका सावत्र आईचं लुगडं सावत्र आईच्या सोंगाला, ही गोष्ट पाळी धरणाऱ्या कुणाच्या ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं? रीत म्हटली की आमच्या माणसांची अक्कल रजेवर जाते.

धडसं लुगडं तेवढंच. चंद्राबाईनं ते कोंडिबाच्या हातात ठेवलं. "भाऊजी, एक करा. ह्याचा पदर खोचूनच ठिवा. काढू नगा."

"आन् मिशी?"

"मिशी हातानं झाका."

"बरं, वैनी. भैरोबाची आन," असं म्हणून कोंडिबा गेला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. बायकांच्या घोळक्यात पुढंच सखूबाई आणि बाळाबाई, मागं खांबाच्या आडोशाला चंद्राबाई. बाळाबाईच्या मांडीवर इवलंसं शिवणकाम होतं. लहानपणीचं पोलकं उसवून ती होणाऱ्या बाळाचं टोपरं शिवत होती. मऊ जुन्या कापडाचं, आणि तिच्या समजुतीनं आजीच्या लुगड्याचं. म्हणजे बाळाच्या आजीच्या.

कोंडिबा नाचत आला आणि पहिल्याच गिरकीला कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर गेनूची नवी!"

हसण्याचा असा लोंढा आला की ढोलकीवाल्याचा हात थांबला. हिरवं लुगडं सगळ्या गावानं विहिरीवर पाहिलेलं. आता प्रत्येक चिमट्याला, राखेच्या प्रत्येक मुठीला लोक वळून चंद्राबाईकडं बघायला लागले. तिचे कान तापले. वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ती उठली नाही. तिनं काही केलं नव्हतं, मग तिनं का उठावं?

कोंडिबाला हशा चढला. त्या भरात भैरोबाची आणही विसरली आणि चंद्राबाईही. नवरा आला, खोट्या रडण्याची वेळ झाली, मिशी झाकायची राहिली होती. त्यानं कमरेचं खोचलेलं टोक हिसकलं, डोळ्यांना लावलं आणि "अवो, ही पोर मला आय म्हनत न्हाई वोऽऽ" असा गळा काढत बायकांच्या पुढ्यातच बसकण मारली. पदर बाळाबाईच्या गुडघ्यावर पडला.

तांबडा. पांढऱ्या रेघांचा. मधली रुंद पट्टी अर्ध्यावर कापलेली, वर जाड दोऱ्याची टीप.

बाळाबाईनं मांडीवरचं टोपरं उचललं आणि त्या कडेला लावलं. अर्धी पट्टी अर्ध्या पट्टीला मिळाली.

"आजे," ती हळूच म्हणाली, "ह्ये माझ्या आयच्या लुगड्याचं हुतं न्हवं?"

सखूबाईनं नजर चुकवली. मग म्हातारीला रडूच फुटलं. "तिनं कापून दिलं, बाळे. पोर माझ्या हातचं घालायची न्हाई, तिच्या आयचं म्हनून सांगा, आसं तीच म्हनली. म्या सांगितलं. समद्या गोष्टी म्याच सांगितल्या तुला."

बाळाबाई उठली. अवघडलेल्या अंगानं, एका हातानं कंबर धरून ती रिंगणात उभी राहिली, तसा हशा ओसरला. तिनं कोंडिबाच्या हातातून पदर काढून घेतला.

"सोडा ह्यो. माझ्या आयचा पदर हाय. नाकं पुसायला न्हाई."

देवळापुढं एवढी माणसं, पण शब्द कळसापर्यंत गेला. बाळाबाई खांबाकडं वळली. "आय, तुझा पदर कुठं गेला, ह्ये कधी सांगितलं का न्हाईस गं?"

चंद्राबाई खांबाआडून उठून पुढं आली, आणि तिनं इतकी वर्षं डोळ्यांत अडवून धरलेलं पाणी खुशाल गावासमोर वाहू दिलं. गावानं बघायचंच होतं ना? मग हेही बघा.

कोंडिबा हाडाचा सोंगाड्या. त्यानं मोकळी पडलेली मिशी दोन्ही हातांनी धरली आणि चंद्राबाईच्या पायांवर लोटांगण घातलं. "वैनी, धा वर्सं सोंग केलं, पन सावतर आय कशी आसती ह्ये मला ठावंच नव्हतं. आता हाना मला!" पुन्हा हशा पिकला, पण आता त्या हशात बायका पदरानं डोळे टिपत होत्या. ढोलकी पुन्हा कडाडली. गेनू, जो कधी कुठं बोलला नाही, तो पुरुषांतून उठून उगाचच शेजाऱ्याला म्हणाला, "माझी बायकू हाय ती." जसं काही त्याला ते त्याच दिवशी कळलं होतं.

सकाळी गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. चिमाजीमामा धट्टाकट्टा माणूस, मेलेल्या बहिणीची एकुलती खूण म्हणून भाचीवर जीव टाकणारा. गाडीत पेंढा जाड पसरून, वर वाकळ घालून आला होता. बाळाबाई अंगणात पायरीवर बसली होती, उन्हात.

"चल, बाळे. उन चढायच्या आत निगू."

बाळाबाई हलली नाही. "मामा, मला कशाला इचारता? आयला इचारा."

मामा गोंधळला. त्याची बहीण जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ही कुणाला विचारायला सांगते? मग पोरीची नजर गेली तिकडं त्यानं पाहिलं. दारात चंद्राबाई उभी होती, हाताला गव्हाचं पीठ. ओट्यावरून सखूबाई बघत होती, गोठ्यातून गेनू. चंद्राबाईनं सवयीनं सासूकडं पाहिलं. म्हातारीनं हनुवटी उचलली. आता तुझं तू बोल, एवढंच त्यात होतं.

चंद्राबाईनं पिठाचे हात पुसले.

"न्हाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांचा तो शब्द, गंजलेल्या कडीसारखा आधी किरकिरला, आणि मग सुटला. "न्हाई म्हंजे न्हाई. आठव्या म्हैन्याची लेक म्या त्या वाटंला लावायची न्हाई. बाळंतपन हितं हुईल, माझ्या हातानं. तुमी हातपाय धुवा, दादा. पुरन शिजलंय, जेवल्याबिगर गाडी जुपायची न्हाई." आणि मोकळी झालेली जीभ तिथंच थांबेना. "आन् तू गं बाळे, उनात काय बसलीस? किती येळ झाला सांगतीया? आत हो!"

खरं तर तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. पण बाळाबाई पायरीला हात टेकून उठली आणि गुमान आत गेली.