आकाशकंदिलाच्या कागदातून काढलेला फोटो

आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर तुमचे आजोबा एकटेच आहेत. मुलांनो, आमचं भांडण झालेलं नाही. दोष फोटोग्राफीच्या इतिहासाचा आहे. (आणि थोडा माझा.)

आमचा लग्नातला फोटो काळा-पांढरा. म्हणून पत्रिकेवर रंगीत हवा, आणि तोही पहिल्यावहिल्या पद्धतीचा, असं मी ठरवलं. पूर्वी म्हणे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकाच दृश्याचे तीन काळे-पांढरे फोटो घेत, मग त्यांना तेच तीन रंग देऊन एकावर एक बसवत. की झाला रंगीत!

"अगं, मोबाईल आपणहून रंगीत काढतो," आजोबा म्हणाले.

"मग त्यात आपण काय केलं?"

काचांऐवजी दिवाळीच्या आकाशकंदिलाचे उरलेले जिलेटिन कागद होते. मोबाईल काळ्या-पांढऱ्यावर करून स्टुलावर टेकवला, मागे काळी शाल टांगली, दोन खुर्च्या मांडल्या. पत्रिका छापणाऱ्याला संध्याकाळपर्यंत फोटो हवाच होता, त्यामुळे दुसरी संधी नव्हती. तिन्ही फोटो होईपर्यंत तसूभर हलायचं नाही, नाहीतर रंग एकमेकांवर बसणार नाहीत, असं मी आजोबांना बजावलं. लाल कागद लावला, टायमर दाबला आणि धावत येऊन शेजारी बसले. मग उठून हिरवा. मग पुन्हा उठून निळा. दरवेळी बसता बसता पुन्हा बजावलं. हिरव्याच्या वेळी भाईंदरच्या खाडीवरचा एक डास आजोबांच्या नाकावर मनसोक्त जेवून गेला, पण ते हलले नाहीत!

मी पाठवलेले तिन्ही फोटो तुमच्या बाबाने तिकडे त्याच्या कॉम्प्युटरवर रंग देऊन जुळवले आणि थेट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. आजोबा झकास आले होते. भगवा फेटा, निळा कोट, नाकावर जांभळट ठिपका (तो डास). शेजारच्या खुर्चीत मात्र तीन बायका एकमेकींत घुसलेल्या: एक लाल, एक हिरवी, एक निळी. न हलण्याचा नियम केला कोणी आणि कागद बदलायला सारखं उठत कोण होतं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

आजोबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला.

"पन्नास वर्षं सांगतोय, या घरात एक बायको नाही, तिघी हुकूम सोडतात. कोणाला पटत नव्हतं."

पत्रिकावाल्याचा फोन आला, तेव्हा मी घाईघाईने तिघींनाही कापून टाकलं. कापताना नीट बघितलं, तर तिघींपैकी एकीचंही तोंड मिटलेलं नव्हतं!