चार बोटं तिनालाक

तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी तुमची नाही आणि परत द्यायची आहे? शेजारणीचा डबा असेल, मामाची शिडी असेल, कुणाचं तरी पुस्तक असेल. तिच्यावर कात्री चालवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला चालवू?

मी चालवली. भर सभेत, टाळ्या घेत.

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावात डाळमिलमध्ये कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटत फिरायचे. शाळेजवळचं दारूचं दुकान हलवा. हुंडा देऊ नका. पोराला भगताकडे नेण्याआधी दवाखान्यात न्या. वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं जुळवायला शिकलो आणि त्यांच्याच कोऱ्या पाठीवर गणितं सोडवली. त्यामुळे असेल, लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक मागणी असलीच पाहिजे, असं मला अजून वाटतं. मोठा झाल्यावर चार मित्रांचं मंडळ काढलं आणि गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धचे कार्यक्रम सुरू केले. नाना मुद्रितं तपासायचे. तेवढंच बोलायचे.

माझी मोठी बहीण फिलिपिन्समध्ये, दावाओ नावाच्या शहरात, डॉक्टरकी शिकते. आमच्याकडची बरीच पोरं तिकडे जातात. तिच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात एक बाई आहे, डोंगरातल्या तिबोली समाजातली. ताई तिला मावशी म्हणते. दुसऱ्या वर्षी ताईला डेंग्यू झाला. सलाईन संपवून ती होस्टेलवर परतली, तेव्हा मावशीनं आपल्या घरून एक कापड आणून तिच्या अंगावर घातलं आणि रात्रंदिवस उशाशी बसली. ताई म्हणते, "बरी मी सलाईननं झाले, ते मला ठाऊक आहे. पण आठवतं ते कापड."

त्या कापडाला तिनालाक म्हणतात. मावशीच्या आईनं ते विणलं होतं. आपल्या केळीची एक बहीण तिकडे होते, अबाका. तिचं फळ कुणी खात नाही. खोड सोलून, खरवडून त्याचे धागे काढतात आणि टोकाला टोक गाठ मारून जोडतात. मग जागोजागी बांधून काळ्या आणि लाल रंगात बुडवतात. माग कमरेला बांधलेला. नक्षी म्हणे विणणारीला स्वप्नात दिसते. आता म्हातारीची नजर गेली आहे, त्यामुळे त्या घरात हे शेवटचं. घरातली लेक बाळंत होते, तेव्हा ते तिच्यावर घालतात. मावशीची लेक आता पोटुशी आहे, दिवस दसऱ्याच्या सुमाराला भरतात.

एवढं असून मावशीनं ते ताईबरोबर सुट्टीत इकडे पाठवलं. म्हणाली, तू कशाखाली झोपली होतीस ते तुझ्या आईला दाखव आणि परत घेऊन ये.

तीन गोष्टी सांगून पाठवल्या होत्या. साबण लावायचा नाही. ओलांडायचं नाही. कापायचं नाही, कारण अबाकात राहणारा आत्मा कोपतो आणि कापणारा आजारी पडतो. विकण्यासाठी कापावंच लागलं तर पितळेची कडी लावतात, म्हणजे तो शांत राहतो.

आईनं कापडावरून हात फिरवला. ती रावेरकडची, केळीच्या बागेत वाढलेली. "अगं बाई, हे तर सोपट," ती म्हणाली. केळीच्या खोडाची सालपटं म्हणजे सोपट. आमच्याकडे ती बांधावर पडून कुजतात. आईनं ते कपाटात आपल्या लग्नातल्या शालूच्या वर ठेवलं. शालूच्या वर तिनं आजवर काहीच ठेवलं नव्हतं.

मला मात्र त्यात फक्त माझा पुढचा कार्यक्रम दिसला.

"ताई, तू डॉक्टर होणार आणि कापडात आत्मा?"

"आहे असं मी कुठं म्हटलं? तिनं कापू नको म्हटलं, एवढंच."

"म्हणजे घाबरतेस."

"नाही रे पत्रकवाल्या. परत द्यायचंय."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं, तरी ते मला पळवाट वाटलं.

दोन दिवसांनी ताई कागदपत्रांसाठी मुंबईला गेली. मित्रांना दाखवतो, असं आईला सांगून मी कापड पिशवीत घातलं आणि साक्रीची गाडी धरली.

साक्रीला बाजाराचा दिवस होता. बाजाराला लागून एक छोटा हॉल आहे, तो आम्हाला फुकट मिळाला होता. बाजार उरकून आलेली माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसली होती. जिभेवर जळता कापूर ठेवला, नारळातून लाल पाणी काढलं. लोक खूश झाले. मग मी तिनालाक पसरलं आणि त्याची सगळी कथा सांगितली. आजारपण, आत्मा, पितळेची कडी. सांगून झाल्यावर ते तीनदा ओलांडलं.

कुणी हललं नाही. त्यांच्या लेखी ते कुठल्या तरी लांबच्या देशाचं फडकं होतं. मागच्या रांगेत एकानं मोठी जांभई दिली. ती मला सहन झाली नाही.

हॉलच्या दारातच एक शिंपी बसतो. मी त्याची कात्री मागितली. त्यानं दिली, पण तिचं टोक सोडेना. "माप नही लिधं नि कापस का, भाऊ?"

लोक हसले. मीही हसलो. पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई बसली होती. तिनं न हसता सरळच विचारलं, "भाऊ, हाई कापड तुनं शे का?"

त्या दिवशीचा खरा प्रश्न तेवढाच होता, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. मी म्हणालो, "अक्का, कापड कुणाचं हा प्रश्न नाही. भीती कुणाची, हा प्रश्न आहे." टाळ्या पडल्या. मी टोकाकडून चार बोटं रुंदीची पट्टी कापली. कडक होतं ते, कात्री करकरत गेली. "बघा, मी उभा आहे!" असं ओरडलो आणि लोकांनी हात लावून पाहावं म्हणून पट्टी पहिल्या रांगेत दिली. ती हातोहात मागे गेली. "सोपटनी मायक लागस," सोपटासारखंच लागतं हे, असं कुणीतरी म्हणालेलं मला आठवतं.

परतीच्या गाडीत माझं ते भीतीवालं वाक्य मी मनात दहा वेळा घोळवलं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा पिशवीत हात घातला. मोठं कापड होतं. पट्टी नव्हती.

ताई परत आली. तिनं कपाट उघडलं, घडी उलगडली, कापलेल्या कडेवर वीत ठेवून मोजलं. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं, वादाला मी तयार होतो.

"तुला ताप आला?"

"नाही."

"मग झालं सिद्ध. आता तुकडा दे."

तो साक्रीतच राहिला, हे मी सांगितलं. ती खाली बसली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कपाटातून शालू काढला, झटकला, परत ठेवला आणि मोठं कापड उचलून पुन्हा त्याच्या वर ठेवलं.

धुळ्यात एक म्हातारे रफूगर आहेत. जुने शालू, पैठण्या लांबून त्यांच्याकडे येतात. तरुणपणी त्यांनी स्वतः हातमाग चालवला आहे. ताई आणि मी कापड घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांऐवजी अंगठ्याचं नख कापडावरून फिरवलं.

"ये सूत नहीं है, बेटा. गाठ लगी है. हर धागे को गाठ." मग कापलेल्या कडेपाशी थांबले. "किसने काटा?"

"मी, चाचा."

"दुश्मनी थी किसी से?"

ताई म्हणाली, "नाही चाचा, भाषण होतं."

"अच्छा," ते म्हणाले आणि पुन्हा नख फिरवू लागले. जरा वेळानं म्हणाले, "तुकडा लाओ. तुकडा मिला तो एकेक धागा मिला दूंगा. दिखेगा, मगर जुड जायेगा. बिना तुकडे के मैं क्या जोडूं?"

मी हार मानणारा नव्हतो. अबाका ही केळीची बहीण, आणि जळगाव जिल्ह्यात केळीला काय तोटा? आईच्या भावाच्या बागेत घड उतरवलेली खोडं पडली होती. दोन दिवस विळ्याच्या पाठीनं सोपटं खरवडत बसलो. केळीच्या चिकानं हात काळे पडले, शर्ट कायमचा गेला. धागे निघाले, चमकणारे, हातभर लांब. गच्चीत वाळवून धुळ्याला नेले. चाचांनी एक धागा ओवला, गाठ मारायला ताण दिला आणि तो तुटला. दुसरा तुटला. तिसरा त्यांनी ओवलाच नाही. "अच्छी चीज है," माझी समजूत काढत म्हणाले, "पर इसकी नहीं है."

मग साक्री. चार आठवडे, दर बाजाराला. उरलेल्या कापडाचा फोटो हातात धरून मी भाजीवाल्यांपासून जीपवाल्यांपर्यंत सगळ्यांना विचारलं. तिसऱ्या बाजाराला शिंप्यानं मला हाक मारली.

"तो तुकडा ना, भाऊ? एक बाईनी तिनी पोरगीना दंडले बांधी दिधा. पोरगीले ताप व्हता."

"का पण? मी तर सांगितलं की त्यात काही नाही!"

"तूच दखाडं ना. कापनारवरबी कोपना नही, असा दयाळू देव शे म्हने."

"कोणत्या गावची बाई?"

"ते काय माहीत. जीपमा बसनी, गयी."

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. देव नाही हे सिद्ध करायला गेलो होतो आणि एक नवा देव करून आलो होतो, तोही दुसऱ्याच्या घरचं कापड कापून. शिंप्यानं चहा मागवला. तो पिण्याशिवाय मला त्या दिवशी काहीच करता आलं नाही.

तिकडे सांगणं भाग होतं. ताईनं व्हिडिओ कॉल लावला आणि मला शेजारी बसवलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं मला काही वाचता येईना. मग तिनं फोन आपल्या आईकडे वळवला. म्हातारी घराच्या पायरीवर बसलेली, डोळे भलतीकडेच लागलेले. मावशी तिला सांगत होती आणि म्हातारीचे हात मांडीवर हलत होते, गाठ मारल्यासारखे. म्हातारीचं बोलणं मावशी इंग्रजीत करायची, ताई मराठीत.

पहिला प्रश्न आला, "पितळेची कडी लावली होती का?"

"नाही," ताई म्हणाली.

म्हातारीचे हात मांडीवर थांबले. दुसरा प्रश्न आला, "ज्यानं कापलं, तो पोरगा बरा आहे ना?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "बरा आहे."

म्हातारीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिला खात्री हवी होती. मग मी स्वतः स्क्रीनपुढे तोंड नेऊन, तिला दिसत नाही हे माहीत असून, मान हलवली.

शेवटी मावशी स्वतःचं बोलली. लेकीचे दिवस भरत आले आहेत. कापड अर्धवट असलं तरी आण, पण तुकडाही आण. तुकडा जपून ठेवला आहे ना?

ताई म्हणाली, "हो." खोटं बोलली ती. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

मी अजूनही मानत नाही की कापडात आत्मा असतो. ताप आला तर आजही दवाखान्यातच जाईन. पण त्या हॉलमधल्या अक्काला मी काय उत्तर दिलं, ते आठवलं की लाज वाटते, आणि त्या लाजेवर माझ्या एकाही पत्रकात उपाय नाही.

मी एक पत्रक लिहिलं. तीन परिच्छेद अंधश्रद्धेवर, एक माझ्या चुकीवर, शेवटी तुकड्याबद्दल. नानांनी मुद्रितावर आडव्या रेघा मारत सगळं खोडलं. खाली चार ओळी उरल्या.

"नाना, निदान मुद्दा तरी राहू द्या."

"मागायचंय तर मागावं," ते म्हणाले. "शिकवू नये."

त्या चार ओळी साक्रीत वाटून झाल्या. डोंगराकडच्या सगळ्या गावांत मी पोहोचू शकलो नाही आणि दिवस संपत आलेत. गणपती उठले की ताई निघणार. म्हणून इथे सगळं सांगितलं, आणि आता मागतो.

लाल-काळ्या नक्षीची, सोपटासारखी कडक, चार बोटं रुंदीची पट्टी तुमच्याकडे असेल किंवा कुणाच्या लेकीच्या दंडावर दिसली असेल, तर ती साक्रीला बाजाराजवळच्या हॉलच्या दारातल्या शिंप्याकडे आणून द्या. कुणी काही विचारणार नाही. मी समोर असलो तरी एक शब्द बोलणार नाही. पोरीचा ताप उतरला नसेल तर तिला आधी दवाखान्यात न्या, मग पट्टी सोडा. गाठ सुटत नसेल तर ओढू नका आणि कापू नका. पोरीलाच घेऊन या. शिंपी सोडवून देईल.