शुक्रवारी पाहिलेली खोली

ह्यांना भिवंडीजवळ दापोड्याच्या गोदामात नोकरी लागली, तोवर आम्ही परळला थोरल्या दिरांकडेच राहत होतो. मुंबईत वेगळं बिऱ्हाड करायचं तर पागडी आवाक्याबाहेरची. भिवंडीत निजामपुऱ्यातल्या खोलीचं भाडं ऐकून माझा विश्वासच बसेना. खोली आम्ही शुक्रवारी पाहिली. गल्ली शांत, खिडकी हवेशीर. शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग बंद असतात, हे आम्हा शहाण्यांना कुठे ठाऊक होतं!

शनिवारी सकाळी भिंतीपलीकडचे माग सुरू झाले आणि मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. डिपॉझिट देऊन झालं होतं, म्हणून राहिलो. मुलगी तिथेच झाली.

जाऊबाई भेटल्या की विचारायच्या, भाडं किती, दूध काय भाव, भाजी काय भाव. प्रत्येक उत्तरावर म्हणायच्या, "मजा आहे बाई तुमची." मला राग यायचा, पण स्वस्त तर होतंच.

मुलगी वर्षाची असताना दोन दिवस परळला गेलो. दुपारी ती काही केल्या झोपेना. थोपटलं, खांद्यावर घेऊन फिरवलं. रडून रडून लालबुंद झाली. शेवटी तिला जाऊबाईंच्या शिलाई मशीनशेजारी फरशीवर निजवलं आणि सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, तशीच मशीन चालवत बसले. खडखडाट सुरू झाला, फरशी हलायला लागली, तशी ती गाढ झोपली.

जाऊबाई दारातून बघत होत्या. त्यानंतर त्यांनी भिवंडीतलं भाडं मला कधी विचारलं नाही.