पूर्वेला तोंड केलेला कॉम्प्युटर

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात मी वीस वर्षं टाइपरायटर बडवला. एका मोठ्या खोलीत आम्ही पाच जण; खटखट आणि टवाळक्या दोन्ही दिवसभर चालायच्या. मग कॉम्प्युटर आला आणि शेठजींनी तो माझ्या गळ्यात मारला. धूळ लागू नये म्हणून त्याला वेगळी खोली, दार कायम बंद. बायको वारून तेव्हा दोनच महिने झाले होते. घरी बोलायला कोणी नव्हतं, आता ऑफिसातही नाही.

शेठजींनी नारळ फोडून यंत्राचं तोंड पूर्वेला केलं, देवाचं करतात तसं. पूर्वेला काचेची मोठी खिडकी. म्हणजे सकाळपासून ऊन माझ्या पाठीमागून थेट पडद्यावर. हिरवी अक्षरं दिसायची कमी आणि माझं टक्कलच जास्त.

मी खुर्चीवर उशी घेतली, मान वाकडी करून पाहिली, डोक्यावरून पंचा घेऊन तो मशीनवर ताणला. काही उपयोग नाही. दुपारपर्यंत डोळे लाल व्हायचे, पाणी गळत राहायचं. बोलायची सोय नव्हती. डोळे अधू झाले म्हटलं की तिथं दुसरा बसणार, आणि पंचेचाळिशीत मला दारात कोण उभं करणार?

खरा राग यायचा तो त्या चौघांचा. वीस वर्षं एका किटलीतला चहा प्यालेली माणसं, दाराच्या काचेतून डोकावायची आणि पाय न वाजवता परत जायची. जळतात लेकाचे, म्हटलं. जळा.

चौथ्या महिन्यात गाठींच्या वजनात माझ्या हातून आठाचे तीन झाले. मॅनेजर म्हणाले, "भाऊ, डोळे दाखवून या. नाही तं मले दुसरा माणूस पाहा लागन." त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि विचारलं, "डोळे चांगले आहेत. बसता कुठं?" मी सांगितलं तर हसायला लागले. "टेबल फिरवा. अन् पडद्याची चमक कमी करा, त्याले बटण असते."

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी एकट्यानं टेबल फिरवलं. बटण चार महिने माझ्या नाकाखाली होतं. शेठजी आले, कंबरेवर हात ठेवून पाहत राहिले. मग म्हणाले, "उत्तर का? कुबेराची दिशा. चालते."

आठ दिवसांत डोळे निवळले. तेव्हा त्या चौघांतला वयानं सगळ्यात मोठा होता तो चहा घेऊन आत आला. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"आता बरा दिसून राह्यला तू," तो म्हणाला. "आम्ही मुद्दामच येत नव्हतो गड्या. वहिनी गेल्या, अन् तू इथं एकटा रडत बसे. म्हटलं, रडू द्या माणसाले मोकळं. मधात जाऊन काऊन लाजवाचं?"

मी मान हलवून "हाव" म्हणालो आणि चहा प्यालो. ती गेल्यापासून मी एकदाही रडलो नव्हतो. चार माणसांनी चार महिने मला रडायला जागा करून दिली होती, आणि मी तिथं बसून आकडे वाचत होतो.